सिग्नेच्या खोलीतलं इंजिन

नाही, नाही, तो कॅमेरा आधी टेबलावर ठेव आणि बस इथं — कॉफी झालीय, रुबार्बच्या, त्या आंबट देठांच्या, वड्या कापल्यात, आणि डेल्मर काही पाऊण तास येत नाही. ताक आणायला पाठवलंय त्याला. हो, ताक, शनिवारच्या केकला लागतं. तुला दहाची वेळ दिली आणि त्याला सांगितलं की रोलंड अकराला येणार — असा बघू नकोस माझ्याकडे रोली, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली मी, कुणाला कुठली वेळ सांगायची ते मला चांगलं कळतं. तुझ्या आईला तर मी नेहमी पाच मिनिटं आधीचीच सांगायचे. तरीसुद्धा तू एक बूट पायात आणि एक हातात घेऊन धावत यायचास, आणि मग चौथ्या सीटवर बसून थेट शाळेपर्यंत नाडी बांधायचास. आणि आता बघा, केस पिकले, आणि विमानवाल्यांच्या मंडळाचा तपासनीस झालाय — रोलंड वोसिकानं आत डोकावल्याशिवाय कुणाचं इंजिन विमानाला लागत नाही म्हणे. हसतोयस काय, मला अभिमान आहे. घे, अजून एक वडी घे.

म्हणजे मी बरोबर समजले ना — तू ती कॅमेऱ्याची बारीक नळी इंजिनाच्या भोकातून आत घालणार, आतल्या भिंती बघणार, आणि जे दिसेल ते त्या कागदावर लिहिणार. चांगलं असलं तर शनिवारी अठरा माणसं येणार, साखळीवर टांगून इंजिन विमानाच्या नाकाला लावणार, टाळ्या वाजवणार आणि माझं बटाट्याचं सॅलड संपवणार. आणि चांगलं नसलं तर? — तर खोलून परत कारखान्यात. म्हणजे अजून एक वर्ष. बारा वर्षं स्वतःच्या हातानं विमान बांधतोय माझा डेल्मर, आणि आता त्र्याहत्तरचा आहे. हं. नाही, सहज विचारलं. आणि हे बघ, त्या कागदावर तो जो माझा रकाना आहे ना — उजव्या सीटवरचा माणूस, वजन — तो राहू दे रिकामा. डेल्मरनं तिथं मिठाच्या दोन गोण्या धरल्यात. ऐंशी पौंड. मी ऐंशी पौंडांची शेवटची होते तेव्हा मला दोन वेण्या होत्या, पण त्या विमानात मी बसणार नाही हे मी त्याला बारा वर्षांपूर्वी सांगितलंय, तेव्हा त्यानं मीठ न्यावं नाहीतर साखर.

चल ये, दाखवते. बूट राहू देत — नाही, या खोलीत नको, इथं काढ. ही सिग्नेची खोली. आमची लेक दुलुथला राहायला गेली तेव्हा मी म्हटलं होतं, इथं शिवणाचं मशीन ठेवीन, खिडकीशी एक खुर्ची ठेवीन. कसलं काय. तीन वर्षांपूर्वी एप्रिलात हे पाहुणे आले खोक्यातून. सगळे सांगत होते त्याला, तूसुद्धा सांगितलं होतंस — इंजिन सगळ्यात शेवटी घ्यायचं असतं, आधी विमान होऊ दे, पंख लागू देत, इंजिन आणून ठेवलं की ते बसून बसून खराब होतं. पण तुम्हा लोकांचं एक आहे, पंखाला एका बाजूनं पत्रा लागला की तुम्हाला इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागतो. आणलं. गॅरेजमध्ये ठेवायचं तर वसंतात गॅरेजच्या फरशीला घाम फुटतो, मळ्यातल्या शेडमध्ये उंदीर, मग राहता राहिली सिग्नेची खोली — ना ऊन, ना ओल, ना गारठा. पलंग गेला तळघरात. भिंतीवरच्या त्या हीटरच्या बटणाला चिकटपट्टी लावलीय बघ, ‘हात लावू नये’. सिग्ने नाताळला येते तेव्हा जमिनीवर गादी घालून याच्याशेजारी झोपते. तिच्या मैत्रिणींना सांगते, माझ्या खोलीत आईबाबांनी दुसरं मूल ठेवलंय, आणि ते घोरत नाही.

वरच्या भोकांतली ही चार बुचं बघ, आतले दाणे निळे आहेत ना, म्हणजे सगळं कोरडं. ओल लागली की गुलाबी होतात. हे मी तुला सांगतेय, तूच शिकवलं असशील त्याला. रोज सकाळी कॉफीच्या आधी हा माणूस इथं येतो, टॉर्च घेऊन, आणि चारी बुचं बघतो. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मला कधी विचारलं नाही सकाळी उठल्यावर, आर्लिस, आज तुझा रंग कसा आहे म्हणून. जरा गुलाबी दिसले की मला हाक — ओव्हन लाव. मग ते दाणे ताटलीत पसरायचे आणि मंद आचेवर भाजायचे निळे होईपर्यंत. एकदा माझ्या वहिनीनं विचारलं, ओव्हनमध्ये काय गं एवढं जपून बघतेस, मी म्हटलं इंजिनाचा नाश्ता.

आणि ही लाल चिठ्ठी — ‘फिरवू नका’. हिच्यापायी आमच्या पाद्रीबुवांना शिव्या बसल्यात, सांगते तुला. बिचारे घर बघायला आले, इंजिन बघितलं, आणि तुम्ही पुरुष जे सगळे करता तेच केलं — पुढं झाले आणि त्या गोल चकतीवर हात ठेवला, फिरवून बघायला. डेल्मर असा ओरडला की त्यांच्या कपातली कॉफी सांडली. मग तासभर व्याख्यान. पाठ आहे मला. कारखान्यातून येताना आत सगळीकडे जाड तेल फासलेलं असतं, ते भिंतींवर बसून असतं म्हणून लोखंड सुरक्षित. लोकांना वाटतं अधूनमधून फिरवलं म्हणजे इंजिन मोकळं राहतं, माया म्हणून फिरवतात, आणि प्रत्येक फेऱ्याला आतला दट्ट्या ते तेल पुसून काढतो, लोखंड उघडं पडतं, आणि आठवड्यात गंज. हे ज्याला माहीत नाही तो मायेनं मारतो इंजिनाला, असं डेल्मर म्हणतो. आणि ज्याला माहीत आहे तो — नाही, पुढं काही म्हणत नाही तो. मीच म्हणतेय.

थांब. ते बूच काढू नकोस इतक्यात. एक सांग मला आधी. समजा — समजाच म्हणतेय — कुणी फिरवलं असेल, तर तुझ्या कॅमेऱ्यात काय दिसतं? तांबूस ठिपके. भिंतीवर. मग नंतर खड्डे. आणि वर उडताना? — बरोबर, लगेच काही होत नाही, पण झिजतं लवकर, आणि कधी काय होईल सांगता येत नाही. असं म्हणालास ना, सांगता येत नाही. बरं. बस त्या खोक्यावर. मला उभ्यानंच बोलायचंय.

त्याच्या हृदयाला त्या दोन स्प्रिंगा बसवल्या तो ऑक्टोबर आठवतोय तुला? इंजिन येऊन सहा महिने झाले होते. गवत कापता कापता खाली बसला, आणि मला म्हणतो, आर्लिस, मशीन बंद कर आधी, पेट्रोल जातंय. बाराशे गोष्टी बोलायच्या सोडून पेट्रोल. नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये. मी रोज जायची, रोज यायची, रिकाम्या घरात, आणि सकाळी त्याच्याऐवजी टॉर्च घेऊन बुचं बघायची, कारण तो पहिला प्रश्न तोच विचारायचा. त्या नऊ दिवसांत मी मनाशी म्हटलं, चला, एक बरं झालं, आता विमान संपलं. हृदयाचा माणूस, कोण उडू देतंय. लाजेची गोष्ट आहे पण मला हायसं वाटलं होतं, रोली. पंख विकू, सिग्नेचा पलंग वर आणू. आणि नोव्हेंबरात पत्र आलं डॉक्टरांचं. तब्येत उत्तम, उडायला हरकत नाही. तो ते पत्र घेऊन गाडीतून गेला तुझ्याकडेच, तुला दाखवायला. तू केक कापलास म्हणे त्याच्यासाठी.

मी इथं आले. लाटणं घेऊन आले — लेफ्सा करत होते, बटाट्याच्या पोळ्या, हात पिठाचे होते. आधी चारी बुचं काढली, कारण बुचं असली की हवा अडते, फिरत नाही, हेही त्याच्याच व्याख्यानातलं. मग या चकतीवरच्या पोलादी खुंट्या आहेत ना, त्यातल्या दोन खुंट्यांच्या मध्ये लाटणं अडकवलं आणि फिरवलं. मोजले नाहीत. — मोजले. बावीस. पूर्ण बावीस, कारण त्यानं इथं पेन्सिलीनं रेघ मारून ठेवलीय, कुणी फिरवलं तर कळावं म्हणून, आणि पूर्ण फेरा केला की रेघ परत जागेवर येते. बघ, किती नीट केलं मी. बस चालवणारी बाई, चाळीस पोरं मागं घालून बर्फातून नेलेली, एक ओरखडा नाही कधी, आणि मी माझ्या नवऱ्याचं इंजिन ठरवून मारत होते. दुपारभर बुचं उघडी ठेवली. मग त्याची गाडी ऐकू आली तेव्हा घाईघाईनं लावली, आणि रात्रीच्या जेवणाआधी दाणे गुलाबी झालेत म्हणून तोच म्हणाला ओव्हन लाव.

मला त्याला खाली ठेवायचं होतं, एवढंच. जमिनीवर पडला तर मी आहे, हाक मारता येते, गाडीत घालता येतं. वर पडला तर मी काय करू? — नको, बोलू नकोस, तुमचे आकडे माहीत आहेत मला, गाडीपेक्षा विमान बरं वगैरे. आकडे संध्याकाळी समोर बसून सूप पीत नाहीत.

आठवड्याभरात पस्तावले. सांगावं असं शंभरदा वाटलं. पण तो बिचारा रोज टॉर्च घेऊन यायचा, निळं आहे म्हणून खूश व्हायचा, आणि मी त्याच्या खुशीकडे बघत सूप ढवळायची. अडीच वर्षं. आणि आता तू कॅमेरा घेऊन आलास, आणि मला वाटलं, तू त्याच्यासमोर बघितलंस आणि तुझा चेहरा पडला, तर ते मला बघवणार नाही. म्हणून ताक. तेव्हा आता बघ तू, आणि जे असेल ते खरं लिही, त्या इंजिनामागं त्याचा जीव असणार आहे. तो आला की मी सांगेन त्याला. मी सांगेन, तू नाही.

काय म्हणालास? — हाच कॅमेरा? आमच्याकडे? कधी? त्याच नाताळानंतर... सिंकचा पाइप तुंबला म्हणून? रोली, आमच्या सिंकचा पाइप आजवर कधी तुंबलेला नाही. मी कॉफीचा गाळ त्यात टाकू देत नाही. दोन दिवस ठेवला होता त्यानं? आणि परत देताना काही बोलला नाही. हं. विसरला असेल. नाही, डेल्मर विसरत नाही.

बुचाचा पाना? त्याच्या खणात असेल, खालून तिसरा, त्या कपाटात. तिथं मी हात लावत नाही, तिथं सगळ्याला पट्ट्या लावलेल्या असतात, कुठला तुकडा, कुठल्या तारखेला, बाद केला तर का बाद केला — चुकून परत विमानाला लागू नये म्हणून लाल पट्टी. आमच्या जुन्या टोस्टरलाही लावली होती. सापडला का? मग काय बघतोयस? काय आहे फडक्यात? — आण इकडे.

हे माझं लाटणं आहे.

माझं जुनं लाटणं. हे हरवलं होतं. म्हणजे — थांब जरा, मला बसू दे. त्या नाताळला लेफ्सा केल्या मी याच्यावरच, आणि प्रत्येक पोळीवर दोन फुगवट्या आल्या, सारख्या अंतरावर, हे बघ ना, हे दोन खड्डे, खुंट्यांनी पडलेले — माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सिग्ने हसली, म्हणाली आई, पोळीला डोळे आलेत. आणि डेल्मरनं — देवा — डेल्मरनं खिशातून मापाचा चिमटा काढला, जेवणाच्या टेबलावर, नाताळच्या संध्याकाळी, आणि पोळी मोजली. आम्ही दोघी पोट धरून हसलो, म्हटलं आता पोळ्यासुद्धा मापात पाहिजेत याला. तो पण हसला. नीट घडी घालून लोणी लावून खाल्ली त्यानं ती पोळी. आणि दुसऱ्या आठवड्यात मला नवीन लाटणं आणून दिलं, जुनं कुठं पडलं कोण जाणे म्हणाला.

पट्टीवर काय लिहिलंय, चष्मा नाही माझ्याकडे, वाच. ‘बाद. दोन खड्डे. आर्लिसला विचारायचं नाही.’

परत वाच.

आणि ती पिचकारी कसली, लांब नळीची? तिलाही पट्टी आहे. जाड तेल, म्हणजे तेच, कारखान्यातलं तेल. तारखा आहेत? वाच बघू. सत्तावीस डिसेंबर. मग जानेवारी — गुरुवार. फेब्रुवारी, गुरुवार. महिन्याचा पहिला गुरुवार, प्रत्येक महिन्याचा, गेल्या महिन्यापर्यंत... रोली, पहिल्या गुरुवारी आमचं चर्चच्या बायकांचं मंडळ असतं. मला दांडी मारायची असली तरी हा सोडत नसे. बर्फ असला तर स्वतः गाडी गरम करून दारात आणून ठेवायचा. जा गं, बायकांत जरा बस, मी बघतो घराकडे. आणि मी तिथं गोधडीला टाके घालत सांगायची सगळ्यांना, माझ्या नवऱ्याला मी घरात नको असते. सगळ्या हसायच्या. आणि हा इथं बुचं काढून माझं पाप पिचकारीनं धूत बसलेला, आणि मी यायच्या आधी हात धुऊन पेपर वाचत. अडीच वर्षं मी त्याला चोरून आणि तो मला चोरून, एकाच इंजिनाभोवती. आणि आज ताक आण म्हटल्यावर एका शब्दानं का कुरकुरला नाही ते आत्ता कळतंय मला. दुकान दहा मैलांवर आहे, एरवी तो दूधसुद्धा उधार मागून आणतो शेजारून.

रडत नाहीये. रुबार्ब आंबट आहे. तू तुझं काम कर. घाल नळी. मला दाखव पडदा — हे काय, हे करडं चकचकीत? हीच भिंत? ओली दिसतेय. तेल आहे ना ते? आणि ठिपके? नीट बघ, खालच्या बाजूला बघ, मला खूश करायला काही बोलू नकोस, वर तो असणार आहे. नाही? दुसऱ्यात? तिसऱ्यात एक काहीतरी होतं — फक्त तेलाचा थेंब. बरं. चौथं पण बघ. चारही बघ.

स्वच्छ. म्हणजे कारखान्यातून आलं तसं.

तर लिही तसं. आणि ऐक, लाटणं तिसऱ्या खणात परत ठेव, त्याच फडक्यात, पट्टी वर करून, तसंच होतं ना? पिचकारीही. त्याला कळता कामा नये की मला कळलंय. — का म्हणजे? अडीच वर्षं त्यानं एवढं सांभाळलं, मी एका सकाळीत कशी मोडू? सांगेन मी त्याला, माझं माझं, नंतर कधीतरी. पहिले चाळीस तास त्याला एकट्यानंच उडवायचं असतं ना, नियम आहे तुमचा? मी धावपट्टीशी खुर्ची टाकून बसेन, चाळीसच्या चाळीस तास. थर्मास घेऊन. आणि एकेचाळिसाव्या तासाला वर गेलो की सांगेन, तिथं त्याला दोन्ही हात कामात असतात, उठून जाता येत नाही.

ती गाडी त्याचीच. गेटापाशी थांबलीय, पत्रपेटी बघत असेल, मुद्दाम, मला वेळ द्यायला, तो म्हातारा. चल, बूच लाव, पाना ठेव, तोंड पूस, वडीचा चुरा आहे मिशीला. आणि तो कागद दे इकडे — नाही, तूच लिही, चष्मा नाही माझ्याकडे. तो रकाना. उजवी सीट. मिठाच्या गोण्या खोड. एकशे बावन्न लिही.

थांब. विमानाचा हिशेब आहे, खोटं चालायचं नाही. एकशे सदुसष्ट. बुटांसकट. आणि कागद उलटा धर, आला तो.